उजव्या ताटातली चिठ्ठी

उपकारमावशीला देवाचे आभार मानायची वेळ कधीच कळली नाही. चारचौघं मूल झालं, पोरगं पास झालं, दुखणं हटलं की देवाचे उपकार मानतात. मावशी दुखणं घरात शिरलं की मानायची. आमच्या वस्तीतल्या शाळेचं छप्पर एकदा वादळात उडून शेजारच्या पेरूच्या बागेत जाऊन पडलं. सगळी मंडळी डोक्याला हात लावून उभी होती आणि मावशी उघड्या वर्गात मधोमध उभी राहून भजन म्हणत होती. कुणीतरी रागानं विचारलं, "मावशी, ही काय गायची वेळ आहे?" ती म्हणाली, "मग कवा गाऊ? छप्पर बसल्यावर तर सुतारबी गातो."

आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दाराशी एका बाकावर दोन पितळी ताटं ठेवलेली असत. डावं विनंत्यांचं, उजवं उपकारांचं. अडचण असेल त्यानं चिठोऱ्यावर दोन ओळी लिहून डाव्या ताटात टाकायच्या आणि अडचण सरली की उजव्या. प्रार्थनेआधी पाद्रीसाहेब दोन्हींतल्या चिठ्ठ्या घेऊन मंडळीला सांगत. डावं ताट नेहमी भरलेलं आणि उजव्यात कशाबशा दोन-तीन चिठ्ठ्या, हे सांगायला नकोच. गरज सरो वैद्य मरो, ही म्हण ख्रिस्ती माणसांनाही लागू आहे. मावशी मात्र एकाच अडचणीच्या दोन चिठ्ठ्या लिहायची आणि एकाच रविवारी दोन्ही ताटांत टाकायची. म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांना तिची ही खोड ठाऊक होती. तिची उजवीकडची चिठ्ठी ते वाचत नसत. गुपचूप कोटाच्या खिशात ठेवत आणि संकट टळलं की मग एखाद्या रविवारी बाहेर काढत. त्यांना वाटे कुणाच्या लक्षात येत नाही, पण सगळ्या मंडळीला ते दिसत होतं. या खोडीवरूनच वस्तीनं तिला उपकारमावशी म्हणायला सुरुवात केली. तिच्या खऱ्या नावानं कुणी हाक मारली असती, तर तिनं स्वतः ओ दिली नसती.

ती बायबलबाई होती. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्यापाशी बसायचं, बाळंतिणीला दोन शब्द सांगायचे, हे तिचं काम. बुटकी, काळीसावळी, अंगावर पांढरं लुगडं आणि खांद्याला झोळी. झोळीत शास्त्र, दोऱ्यानं बांधलेला चष्मा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची पुरचुंडी. आमच्या शरणपूरच्या वस्तीतून निघून ती सातपूरच्या मळ्यांपर्यंत पायी जायची आणि परत येताना झोळीत कुणी दिलेली मेथीची जुडी असायची.

कुठल्याही दारात आली की ती उंबऱ्याबाहेर थांबायची आणि विचारायची, "देव शे ना घरमा?" ती मूळची बागलाणातली, नामपूरकडची. अख्खी हयात नाशकात काढून बाकीची बोली इकडची झाली होती, पण हे एक वाक्य तिनं आपल्या अहिराणीतच ठेवलं होतं. देव आहे ना घरात? आतून "आहे, ये" असं आल्याशिवाय ती उंबरा ओलांडायची नाही. भर उन्हात ताटकळेल, पण आत पाऊल टाकणार नाही. बायका कामात असल्या की वैतागून ओरडायच्या, "आहे गं बाई, आहे! ये एकदाची!" त्यावर ती हसायची. "हाय ना? मग तुला एवढी घाई कशाची?"

मला तिचं हसणं सोसायचं नाही. खरं सांगायचं तर मी जन्माची काळजीखोर. दूध चुलीवर ठेवायच्या आधीच ते उतू गेलेलं मला दिसायचं. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, मिशनच्या शाळेत गाणं शिकवायचे आणि देवळात पेटी वाजवायचे. त्यांना घरी यायला पाच मिनिटं उशीर झाला की माझ्या मनात ते गोदावरीत वाहून गेलेले असत. लग्नाला तीनच वर्षं झाली होती, आणि इतकं चांगलं माणूस आपल्याकडे टिकेल कसं, हीच माझी मुख्य काळजी. मावशी म्हणायची, "लीला, तू उद्याचा हंडा आजच डोईवर घेतीस, आनि तोबी काठोकाठ भरलेला."

एकदा आम्ही दोघी ओट्यावर शेंगा सोलत होतो. मी तिला विचारलं, "मावशी, तुला खरंच कधी भीती वाटत नाही?" तिनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "मोठ्या दुष्काळात बापासंगं मी गाव सोडलं. धा वर्साची आसंन. मनमाडच्या रस्त्याला बाप बसला तो उठलाच नाय. दोन दिस मी त्याच्यापाशी बसले. वाटलं, आता कोनीच नाय. मग उठले आन चालाया लागले." मी म्हणाले, "पुढं?" "पुढं मिशनच्या गाडीवाल्यानं उचललं. ते नाय सांगत मी. मी सांगते ते उठल्याचं. माझ्या अंगात उठायचा जीवच नव्हता. मग कोनी उठवलं? कोनतरी होतं की तितं." एवढं बोलून तिनं सोललेले दाणे माझ्या सुपात लोटले आणि मेथीचा भाव विचारायला लागली.

मास्तरांना ताप आला तो दिवाळीच्या सुट्टीत. पहिले चार दिवस आम्ही काढा देत राहिलो. पाचव्या दिवशी डॉक्टर सायकलवरून आले, पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि बाहेर येऊन हात धूत मला म्हणाले, "मुदतीचा ताप आहे. एकवीस दिवस वाट पाहायची. औषध असं नाही. फक्त पातळ द्यायचं. बार्ली, फाडलेल्या दुधाचं पाणी. घट्ट काहीही पोटात गेलं तर आतडं फाटेल. एक घास पुरे होईल, लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं. दुसरं काही लक्षात ठेवायला डोक्यात जागाच राहिली नाही. घरातलं सगळं खाणं मी फडताळात घालून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात बांधली. भिंतीवर कोळशानं एकवीस रेघा मारल्या आणि दिवस संपला की एकेक पुसू लागले. तापमापक दर तासाला लावायचे. पारा वर गेलेला दिसला की झटकून पुन्हा लावायचे. मास्तर कधी शुद्धीत असत, कधी वर्गातली हजेरी घेत, कधी "सा लावा, सा" म्हणून ओरडत.

आमच्याकडे कुणी येईनासं झालं. ताप लागट, घरोघरी लहान लेकरं. माणसं वाईट नव्हती. ओट्याच्या टोकाला दुधाचा तांब्या ठेवायची, लांबूनच "कसं आहे?" म्हणायची आणि माझं उत्तर पुरतं ऐकायच्या आत वळायची. मी त्यांच्या जागी असते तर तांब्यासुद्धा ठेवला नसता, म्हणून मला त्यांचा राग येत नव्हता. पण दिवसभर त्या खोलीत मी, तापमापक आणि त्या रेघा. देवाशी बोलायला बसले की तोंडातून एकच वाक्य निघे, यांना नेऊ नकोस. पुढचं काही सुचत नसे.

उंबरा ओलांडून आत येणारी एकटी मावशी. रोज दुपारी दारात तोच प्रश्न, आणि मी दात-ओठ खात "आहे, ये" म्हणायचे. ती हात धुऊन मास्तरांच्या कपाळावरच्या ओल्या घड्या बदलायची, आणि बदलता बदलता गुणगुणायची. ते गुणगुणणं कानावर पडलं की मी भिंतीवरच्या रेघा पुन्हा मोजायला लागायचे. एके दिवशी मी म्हणाले, "मावशी, नको ना गाऊ. मला भीती वाटते." ती म्हणाली, "मलाबी वाटते." मला ते अजिबात खरं वाटलं नाही. भ्यालेलं माणूस गातं का कुठं?

पंधराव्या दिवशी रविवार आला. म्हातारे पाद्रीसाहेब डोळ्यांच्या उपचारासाठी पुण्याला गेले होते आणि त्यांच्या जागी नवे तरुण पाद्री आले होते. मी अर्थातच घरी होते. मास्तरांचा ताप सकाळपासून चढत होता. घंटा ऐकली, गाणी ऐकली, पेटीवर कुणीतरी चुकीचे सूर वाजवत होतं तेही ऐकलं. उपासना सुटल्यावर थोड्याच वेळात अंगणात पावलं वाजली. एका जोडीची नव्हे, वीस-पंचवीस जोड्यांची.

पाहते तो अर्धी मंडळी दारात. चांगले कपडे, हसरे चेहरे, हातात डबे आणि झाकलेल्या ताटल्या. मला काही कळायच्या आत दोघींनी मला मिठी मारली. "लीला, देवानं ऐकलं गं! मास्तर उठले!" दाराबाहेर देवळासमोर नेहमी टांगा लावणारे रहीमचाचा आकाशाकडे हात करून म्हणत होते, "बाई, बहुत खुशी झाली." तेवढ्यात वस्तीतली सगळ्यांत म्हातारी आजी, जिला डोळ्यांनी धड दिसतही नव्हतं, रव्याचा लाडू हातात घेऊन सरळ आतल्या खोलीत गेली आणि मास्तरांच्या तोंडाशी नेऊन म्हणाली, "मास्तर, तोंड गोड करा."

मी कशी धावले ते मला आठवत नाही. आजीच्या मनगटावर मी जोरात फटका मारला. लाडू जमिनीवर पडून फुटला. मास्तरांचे डोळे उघडे होते आणि ते छपराकडे बघून मुलांची नावं घेत होते. मंडळी दारातच थिजली. सगळ्यांनी ते ओठ पाहिले, ती कोरडी जीभ पाहिली, भिंतीवरच्या रेघा पाहिल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे बरे झाले म्हणून?" मी विचारलं.

कुणीतरी हळूच म्हणालं, "नव्या पाद्रीसाहेबांनी देवळात जाहीर केलं. उजव्या ताटात चिठ्ठी होती म्हणे. कुणाची ते बोलले नाहीत."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. उजव्या ताटात चिठ्ठी म्हणजे माणूस बरा झाला, एवढंच त्या बिचाऱ्या नव्या माणसाला ठाऊक. त्यांनी बाळंतिणीचं, परीक्षेचं आणि मास्तरांचं नाव एका दमात वाचून टाकलं असणार. गर्दीमागून तेवढ्यात ओळखीचा आवाज आला, "देव शे ना घरमा?" मंडळी बाजूला झाली. मावशी उंबऱ्याबाहेर उभी होती, झोळी छातीशी धरून; ताटांत चिठ्ठ्या टाकून ती उपासनेआधीच एका बाळंतिणीकडे गेली होती, ती आत्ता परतली. चेहऱ्यावरून तिलाही सगळं कळलेलं दिसत होतं.

मी तिला आजवर कधी अहोजाहो केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. "मावशी, तुम्ही आता आपल्या घरी जा."

"लीला, त्या पोराला माझी खोड ठाऊक नाय गं. त्याचा काय दोस?"

"दोष त्यांचा नाही, तुमचा आहे. माझा नवरा मरायला टेकलाय आणि तुम्ही कसले उपकार मानता? अजून द्यायचं काय शिल्लक आहे देवाचं?"

तिनं छातीशी धरलेली झोळी खांद्याला अडकवली. मग ती म्हणाली, "बरं. नको देऊ उत्तर. मी हितंच बसते." आणि खरोखरच ती ओट्याच्या कडेला, उंबऱ्यापासून दोन हात लांब, भिंतीला टेकून बसली. मी दार ढकललं, पण ते लावता आलं नाही, कारण वाटेत माणसं होती.

ती माणसं गेली नाहीत, हे मला नंतर लक्षात आलं. एवढे दिवस जो उंबरा ओलांडायला भीत होती, तो ती आनंदाच्या भरात ओलांडून बसली होती, आणि आता आजाऱ्याचं तोंड पाहिल्यावर मागं फिरायचं कसं? आजी खाली बसून लाडवाचे तुकडे पदरात गोळा करत "चुकले गं माय" म्हणून रडत होती. मी तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकीनं मुकाट्यानं मळलेल्या चादरी उचलून विहिरीवर नेल्या. दुसरीनं बार्ली चुलीवर चढवली. संध्याकाळी रहीमचाचा गोणपाटात भुसा घालून बर्फाची लादी घेऊन आले आणि "फोडून देऊ का?" म्हणून विचारू लागले. ज्या घरात इतके दिवस माझ्या आणि मावशीशिवाय कुणाची चाहूल नव्हती, त्या घरात मला तापमापक ठेवायला जागा सापडेना. दिवस होता भयंकर. तरी त्या दिवशी पहिल्यांदा मी बसून पोटभर जेवले, कारण दुसऱ्या कुणीतरी वाढलं.

सोमवारी सकाळी मावशी आली, दारात उभी राहून विचारलं, मी उत्तर दिलं नाही, ती ओट्यावर बसली. दिवे लागायच्या सुमाराला गेली. मंगळवारी पुन्हा तेच. मी बादली घेऊन तिच्या अंगावरून जायचे आणि बघायचे नाही. ती गात नव्हती. झोळीचा बंद बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. एका फेरीत माझी नजर चुकून तिच्या हातावर गेली. बंद गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं. मी तशीच पुढं गेले, पण बादली भरताना तो हात डोळ्यांपुढून हलेना.

मंगळवारी दुपारी मास्तर शुद्धीवर आले. पाणी मागितलं. मग विचारलं, "लीला, बाहेर कोण आहे?" मी म्हणाले, "मावशी." "आत का नाही येत?" मी ओली घडी पिळायला लागले. त्यांना सगळं समजलं की काय कोण जाणे. त्यांनी मान दाराकडे वळवली आणि जेवढा आवाज उरला होता तेवढ्यानं म्हणाले, "मावशी, विचारा की."

ओट्यावरून प्रश्न आला, नेहमीपेक्षा हळू. "देव शे ना घरमा?"

"शे मावशी, शे," मास्तर म्हणाले. "या."

ती आत आली, त्यांच्या पायाशी बसली, आणि एवढी रडली की घड्या बदलायचं काम मलाच करावं लागलं. मास्तर म्हणाले, "रडायला नाही बोलावलं. म्हणा काहीतरी." मग तिनं आपलं नेहमीचं भजन सुरू केलं. बार्लीवाली, चादरीवाली, आजी, सगळ्या दारात येऊन टेकल्या. मास्तरांचं एक बोट खाटेच्या लाकडावर ताल धरत होतं. दुसऱ्या कडव्याला ते बोट थांबलं.

"मावशी, सम चुकली."

"चुकली?"

"रोज तिथंच चुकते. मी पेटीवर सावरून घेतो म्हणून कुणाला कळत नाही."

मावशीनं डोळे पुसले. "मंग इतकी वर्सं देवबी तितंच टाळी देतोय. त्यालाबी सांगा."

आजी पहिल्यांदा हसली, मग सगळ्याच. मास्तरांचं हसू म्हणजे नुसता श्वास होता, पण होतं हसूच. आणि मीही हसले. भिंतीवर पाच रेघा उरल्या होत्या, पाण्यात बर्फ होता, गळ्यात किल्ली होती, भीती होती तिथंच होती, तरी मी हसले. मला आनंद झाला होता. तो बरं वाटण्याचा आनंद नव्हता, कारण बरं काहीच झालं नव्हतं. त्या खोलीत आम्ही होतो त्याहून एक जण जास्त आहे असं मला वाटलं, इतकं स्पष्ट की मी वळून पाहिलं. मावशी माझ्याकडेच बघत होती. नंतर चुलीपाशी ती म्हणाली, "मला भ्याव नाय असं तुला वाटतं. भ्यावानं रातभर डोळा नाय लागत माझा. मी गाते ते भ्याव गेलं म्हनून नाय. भ्यावात एकटी नाय म्हनून."

एकविसाव्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, "अजून आठवडाभर जपा." मी शेवटची रेघ पुसली आणि भीतभीत पुन्हा सात मारल्या. पहिल्या दोन दिवसांत मास्तरांनी पेटी जवळ आणायला लावून तिच्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोटात दुखू लागलं, दुपारपर्यंत रक्त गेलं, आणि डॉक्टर येऊन पोहोचायच्या आत सगळं संपलं. कुणी घट्ट काही दिलं नव्हतं. किल्ली माझ्या गळ्यातच होती. डॉक्टरांनी ते मला दोनदा सांगितलं, "तुमचं काही चुकलं नाही," आणि मी त्यांना दोनदा विचारलं, "मग काय चुकलं?"

मावशी सातपूरला गेली होती. निरोप पोहोचून ती आली तेव्हा घर भरलेलं होतं. ती उंबऱ्याबाहेर थांबली. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिचे ओठ हलले, पण प्रश्न निघेना. माझ्या आत कडू जहर उसळलं. मी म्हणाले, "विचार की आता. विचार!"

तिनं विचारलं. "देव शे ना घरमा?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

"मलाबी आज नाय ठाऊक," ती म्हणाली. "बसू का?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा ती उत्तराशिवाय उंबरा ओलांडून आत आली आणि माझ्या शेजारी बसली. संध्याकाळी उठेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी कबरीपाशी तिनं तेच भजन म्हटलं. दुसऱ्या कडव्याला सम चुकली. या वेळी सांगायला कुणी नव्हतं.

त्यानंतर बरेच रविवार मी देवळात गेले नाही. पुण्याहून परतल्यावर म्हातारे पाद्रीसाहेब भेटायला आले. नव्या पाद्रींनी आपण चिठ्ठीतलं फक्त नाव वाचलं, पुढचं पाहिलं नाही, हे त्यांच्याजवळ कबूल केलं होतं आणि ती चिठ्ठीही दिली होती. पाद्रीसाहेब म्हणाले, "मी असतो तर खिशात ठेवली असती. बरे होण्याची वाट पाहत." त्यांनी कोटाच्या खिशातून कागद काढून माझ्यापुढं ठेवला. मावशी लिहायला उतारवयात शिकली होती. अक्षरं वाळत घातलेल्या पापडांएवढी, ओळ वर चढत गेलेली.

"मास्तर भ्यालाय. लीला भ्यालीय. मी बी भ्यालेय. तू घरात हाय. उपकार."

बरे झाल्याचं त्यात एक अक्षर नव्हतं. मला तो मंगळवार आठवला, ते खाटेवरचं बोट आठवलं. मास्तर उठून बसल्यावर उपकार मानू, मग हसू, मग घर माणसांनी भरू, असं मी ठरवून बसले होते. तो दिवस आलाच नाही. माझ्या हिशेबानं चाललो असतो तर ते हसू आमच्या वाट्याला न येताच मास्तर गेले असते. मी त्या दिवशी पुष्कळ रडले, आणि रडून झाल्यावर एका चिठोऱ्यावर दोन शब्द लिहिले, "मंगळवार. उपकार." पुढच्या रविवारी ते घेऊन देवळात गेले. डाव्या ताटाशी थोडी घुटमळले, मग उजव्यात टाकले. पाद्रीसाहेबांनी ती चिठ्ठी खिशात घातली नाही. वाचली.

वर्षभरानं मिशननं मावशीला नामपूरकडे पाठवायचं ठरवलं. तिकडची बोली बोलणारी बाई हवी होती. ज्या रस्त्यावर बाप बसला तो बसलाच, त्याच रस्त्यानं तिला परत जायचं होतं. रहीमचाचांनी टांगा आमच्या दारात आणला. मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते आणि घरी एकटीच राहत होते. मावशी टांग्यात मागं बसली, झोळी मांडीवर घेऊन. चाचांनी लगाम उचलला तशी ती ओरडली, "थांब रे!" आणि तिथूनच मला विचारलं, "देव शे ना घरमा?"

"शे, मावशी," मी म्हणाले.

"भ्याव वाटस का?"

"वाटतं."

"मालेबी वाटस," ती म्हणाली, आणि हसली. टांगा गंगापूर रस्त्याच्या चिंचांखाली दिसेनासा होईपर्यंत तिचं गाणं ऐकू येत होतं. दुसऱ्या कडव्याला मी आपल्या दाराच्या चौकटीवर बोटानं सम दिली, आणि आत गेले.